सुरीवर गदारोळ, सुईवर मौन

चोर्ला घाटात जनावरांचा ट्रक अडवला गेला की पुढचे सारे ठरलेले असते. घोषणा होतात, पंचनामा होतो, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो झळकतो. जनावर कोणाचे, निघाले कोठून, वय किती, दाखला आहे का, चालले होते शेताकडे की कसायाकडे, हे सगळे विचारले जाते. विचारले जात नाही ते एवढेच, की या जनावराला शेवटची सुई कधी टोचली आणि त्या सुईत काय होते.

गेली कित्येक वर्षे तीन राज्यांचे राजकारण जनावराच्या मानेवरच्या सुरीभोवती फिरते आहे. महाराष्ट्राने १९९५ साली मंजूर केलेल्या दुरुस्तीला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि गाईबरोबर बैल व वळूही कत्तलबंदीत आले. कर्नाटकाने २०२० चा कायदा केला व २०२१ पासून तो लागू झाला. त्यात गाय, बैल, वासरू तर आलेच, पण तेरा वर्षांखालची म्हैस व रेडाही आला. शिक्षा तीन ते सात वर्षे. गोव्यात १९७८ पासून गोहत्याबंदी आहे आणि बाकीच्या जनावरांसाठी १९९५ चा कायदा आहे. या साऱ्या कायद्यांवर सभागृहांत रात्री जागवल्या गेल्या. त्यातल्या कोणत्या चर्चेत औषधाच्या बाटलीला स्थान मिळाले? आम्ही या कायद्यांच्या बाजूचे की विरुद्ध, हा वाद आज नको. ज्याला बंदी हवी त्यानेही हे वाचावे आणि ज्याला नको त्यानेही.

विषय साधा आहे. जनावराला टोचलेले वा पाजलेले औषध अंगातून उतरायला दिवस लागतात. ते पुरते उतरण्याआधी दूध काढले तर ते दुधात येते, जनावर कापले तर मांसात, यकृतात, मूत्रपिंडात आणि चरबीत राहते. प्रत्येक औषधाची तऱ्हा वेगळी. ऑक्सिटेट्रासायक्लिनची 'लाँग अ‍ॅक्टिंग' सुई जेथे टोचली तेथल्या मांसातच बराच काळ साचून राहते. जंतांवरचे व गोचिडांवरचे आयव्हरमेक्टिन चरबीत आणि यकृतात रेंगाळते. जेंटामायसिन तर मूत्रपिंडाला असे चिकटते की महिनोन्महिने निघत नाही. दूध उकळले, मांस शिजवले की सगळे जळून जाते, असा आपल्याकडे समज आहे. काही औषधे उष्णतेने थोडी कमी होतात, अनेक होत नाहीत. चूल म्हणजे प्रयोगशाळा नव्हे.

आता हे पाहा की कत्तलीला जाते कोणते जनावर. धडधाकट, दुभते जनावर कोणी विकत नाही. विकले जाते ते भाकड, नाहीतर आजारी. म्हशीला दगडी होते, कास सुजते, सडातून दुधाऐवजी पाणी येते. घरधनी आधी गावच्या माणसाकडून सुई टोचून घेतो. दोन दिवसांनी औषधाच्या दुकानातून दुसरी बाटली येते. मग सरकारी दवाखान्याचे डॉक्टर येतात आणि तिसरे औषध सुरू होते. सडात ट्यूब भरल्या जातात, तापाची सुई वेगळी, दुखण्याची वेगळी. पंधरा दिवस पैसा ओतून झाला, गुण येत नाही, वैरण तर रोज लागते. तेव्हा घरातला कर्ता माणूस म्हणतो की मरण्याआधी चार पैसे हाती येऊ देत. हेडी दारात उभाच असतो. म्हणजे ज्या जनावराच्या अंगात सर्वांत जास्त औषध आहे, तेच सर्वांत घाईने बाजारात जाते. यात कोणाचा लबाडपणा नाही. दावणीचे अर्थकारणच तसे आहे. २०२२ साली लम्पीची साथ आली तेव्हा महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गोठ्यागोठ्यांतून किती सुया टोचल्या गेल्या ते आपल्या खेड्यांनी पाहिले आहे. रोग विषाणूचा होता, त्यावर प्रतिजैविक चालत नाही. तरी जखमा चिघळू नयेत म्हणून ती दिली गेली, आणि शेतकऱ्याजवळ दुसरे होते तरी काय?

यावर कायदा नाही असे कोणी समजू नये. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत २०१२ साली दुरुस्ती झाली. दूध, अंडी, मांस देणाऱ्या जनावरांच्या औषधाच्या वेष्टनावर ते उतरण्याचा काळ छापलाच पाहिजे, असे ९७ वा नियम सांगतो. त्या औषधाचा काळ शास्त्रीय कसोटीने ठरलेला नसेल तर दुधासाठी व अंड्यांसाठी किमान ७ दिवस आणि मांसासाठी किमान २८ दिवस धरावेत, असेही त्यात आहे. चरबी, यकृत वगैरे त्या मांसातच आले. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत प्रतिजैविकांच्या मर्यादा मासळीपुरत्याच होत्या. २०१८ च्या दुरुस्तीने त्या मांसाला व दुधालाही लागू झाल्या आणि २०१९ च्या आरंभापासून अमलात आल्या. २०१९ च्या जुलैत कोलिस्टिन हे माणसासाठी अखेरचे राखून ठेवलेले औषध खाद्य-जनावरांना देण्यास बंदी झाली. २०२५ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटाची पाळी आली. राजपत्र दिल्लीत निघते. बाटली मात्र खानापूरच्या दुकानात चिठ्ठीवाचून मिळते.

अठ्ठावीस दिवस! ज्या शेतकऱ्याला आजारी म्हैस अठ्ठावीस तास पोसणे जड जाते, त्याला हा आकडा कोणी सांगितलाच नाही. सांगितला असता तरी एवढ्या दिवसांची वैरण कोण देणार होते?

मग तपासणी कोठे होते? कत्तलखान्यात. तेथे २००१ चे कत्तलखाना नियम आहेत. डॉक्टरने प्रत्येक जनावर नीट तपासावे म्हणून त्यांत मर्यादा घातली आहे: तासाला १२ पेक्षा जास्त नकोत, दिवसाला ९६ पेक्षा जास्त नकोत. नियम करणाऱ्यांचा हेतू चांगला होता. हिशेब केला तर एका जनावराला पाच मिनिटे मिळतात. पाच मिनिटांत ताप कळेल, लंगडणे कळेल, जखम दिसेल, गाभण आहे का तेही कदाचित समजेल. मूत्रपिंडातले जेंटामायसिन कोणत्या डोळ्याने दिसावे? त्यासाठी नमुना घ्यावा लागतो, प्रयोगशाळेत पाठवावा लागतो आणि उत्तर येईपर्यंत मांस थांबवावे लागते.

जुलै २०१७ मध्ये मनोहर पर्रीकर गोव्याचे मुख्यमंत्री असताना त्यांनी विधानसभेत सांगितले होते की उसगावच्या गोवा मीट कॉम्प्लेक्समध्ये दिवसाला सुमारे दोन हजार किलो मांस तयार होते, बाकीचे कर्नाटकातून येते आणि टंचाई भासू नये म्हणून बेळगावहून मांस आणण्याचा मार्ग खुला ठेवला आहे. शेजारच्या राज्यातून येणाऱ्या मांसाची अधिकृत डॉक्टरकडून तपासणी होईल, असे आश्वासनही त्यांनी दिले. देशभर त्यावर वादळ उठले, पण ते सारे 'बेळगावहून आणू' या शब्दांवर. 'तपासणी' म्हणजे नक्की कशाची, हे ना विरोधकांनी विचारले ना समर्थकांनी. पाठवणारा जिल्हा आमचा, खाणारे गोव्यातले, मध्ये घाट. घाटमाथ्यावर एका राज्याची जबाबदारी संपते आणि दुसऱ्याची सुरू होत नाही. सीमाभागातल्या माणसाला हा अनुभव नवा नाही. साडेसहा दशके त्याचीही गत हीच आहे.

येथे काही वाचक म्हणतील, आमच्या घरात हे मांस शिजत नाही, शिवतही नाहीत, मग आम्हाला याचे काय? बेळगाव, निपाणी, खानापूरच्या जुन्या घरांतून हा सूर हमखास निघतो. या मंडळींना आमचा प्रश्न असा की आपल्या घरी रतीब कोणाचा आहे? ज्या म्हशीला दगडीची सुई टोचली, तिचे दूध त्या दिवशी गवळ्याने ओतून दिले काय? एका सडात ट्यूब असली तरी उरलेल्या तीन सडांचे दूध घागरीत जाते. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना विचारा, कधीकधी उत्तम तापवलेल्या दुधाला विरजण लावूनही दही लागत नाही. थंडी असेल, विरजण मेलेले असेल, कारणे अनेक असतात. पण प्रतिजैविक उतरलेल्या दुधातही असेच होते, कारण जे औषध रोगजंतू मारते तेच विरजणातले जंतूही मारते. दुग्धव्यवसायातल्या माणसांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली देशभरातल्या १,१०३ शहरांतून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. त्यांतल्या ७७ नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश मर्यादेबाहेर निघाले. सर्वांत जास्त, २३, मध्य प्रदेशात. इंदूर-ग्वाल्हेरच्या आमच्या बांधवांनी हे लक्षात घ्यावे. त्या खालोखाल महाराष्ट्रात ९. शेकडा एकाच्या थोडे वर हे प्रमाण पाहून कोणी निश्चिंत होईल. आम्ही म्हणतो, दुधाची मोजणी झाली म्हणून आकडा तरी हाती आहे. बाजारातल्या मांसाचीही अशीच शहरवार मोजणी करा आणि निकाल लोकांपुढे ठेवा. परदेशी गिऱ्हाइकासाठी हे सारे जमते. युरोपीय संघाने २०१६ मध्ये भारतातून जाणाऱ्या संवर्धित कोळंबीच्या तपासणीचे प्रमाण १० वरून ५० टक्क्यांवर नेले, ते औषधांच्या अंशांमुळेच. तिकडच्या ताटासाठी निम्मा माल तपासला जातो. हैदराबादजवळ चेंगिचेर्ला येथे मांसावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे, म्हणजे विद्या आपल्याकडे नाही असेही म्हणता येत नाही.

जनावराच्या अंगातले औषध दुसऱ्याच्या पोटात जाऊन काय करते याचा पुरावा हवा असेल तर आकाशाकडे पाहावे. आमच्या पिढीच्या लहानपणी गावाबाहेर ढोर टाकले की तासाभरात गिधाडे उतरत. आज शाळकरी मुलाला गिधाड चित्रात दाखवावे लागते. पांढऱ्या पाठीची गिधाडे १९९२ ते २००७ या काळात हजारातले एक उरले इतकी घटली. आधी साथीचा रोग असेल असे वाटले. २००४ साली पाकिस्तानातल्या पंजाबात काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी कारण शोधले: डायक्लोफेनॅक. दुखणाऱ्या गुडघ्यासाठी आपण घेतो तेच. ते टोचलेले जनावर मेले आणि गिधाडाने खाल्ले की पक्ष्याची मूत्रपिंडे निकामी होत, आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर चढे आणि काही दिवसांत तो मरे. हिशेब असा निघाला की १३० ते ७६० मृत जनावरांमागे एक जरी असे विषारी असले तरी एवढा संहार घडू शकतो. प्रत्यक्षात २००४-०५ मध्ये भारतातल्या १,८४८ मृत जनावरांची यकृते तपासली तेव्हा सुमारे दहा टक्क्यांत ते औषध सापडले.

ती जनावरे मेलेली होती, कत्तलीची नव्हती, हे खरे. पण जे रात्री गोठ्यात मेले आणि जे आदल्या संध्याकाळी हेड्याने नेले, त्यांची दावण एकच आणि बाटलीही एकच.

पुढची कथाही बोधप्रद आहे. २००६ साली जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकचे उत्पादन थांबवण्याचा आदेश निघाला. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना न बाधणारे औषध तोवर माहीत झाले होते. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यांत जातच राहिल्या. माणसाला एका वेळी ३ मिलिलिटर पुरते, मग ३० मिलिलिटरची बाटली कोणासाठी काढत होते? ती मोठी बाटली बंद व्हायला २०१५ उजाडले. कंपन्या कोर्टात गेल्या, २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली. दरम्यान गिधाडांना तितकीच घातक असलेली औषधे खपत होती. एसिक्लोफेनॅक तर जनावराच्या अंगात गेल्यावर डायक्लोफेनॅकच बनते. ते आणि किटोप्रोफेन २०२३ साली बंद झाले, निमेसुलाइडवर २०२४ च्या अखेरीस बंदी आली. कारण कळल्यापासून हात हलायला वीस वर्षे! अर्थशास्त्रज्ञांच्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणे गिधाडे गेल्यामुळे कुजणारी ढोरे, पिसाळलेली कुत्री व दूषित पाणी यांपायी २००० ते २००५ या काळात आपल्या देशात सुमारे पाच लाख माणसे जास्तीची मेली. ज्यांनी मांस कधी चाखले नाही, तेही त्यांत असणारच.

आणि जंतूंचे काय? औषधाचे थोडे थोडे अंश रोज मिळाले की जंतू त्याला सरावतात. मग नातवाला न्यूमोनिया झाला की पहिले औषध चालत नाही, दुसरे चालत नाही, तिसरे महाग असते. शेणात, गटारात, मळ्यात पसरलेले हे जंतू कोणाची जात, भाषा आणि आहार पाहत नाहीत.

बंदीच्या राजकारणाने एक गोष्ट मात्र नक्की केली. पूर्वी जनावर दिवसाढवळ्या आठवडी बाजारात उभे राही. विकणारा कोण, घेणारा कोण, गावाला माहीत असे. आता कायद्याच्या आणि त्याहून जास्त रस्त्यावरच्या जमावाच्या भीतीने पुष्कळ व्यवहार रात्रीच्या अंधारात गेला. ज्याच्याजवळ वयाचा दाखलाच नाही त्याच्याकडून औषधाचा दाखला कोणी मागावा? लपून चाललेल्या धंद्यात तपासणी नसते. जनावर वाचवणाऱ्यांनी एवढा विचार करायला हरकत नव्हती की जे वाचले नाही ते कोणाच्या तरी ताटात तसेच गेले. ट्रक अडवून सोडवलेली जनावरे गोशाळेत जातात, तेथे पुन्हा सुया टोचल्या जातात आणि त्यांची नोंदही अशीच वाऱ्यावर. गोशाळेच्या दारावर देणगीदारांची नावे संगमरवरात कोरतात. आतल्या जनावरांच्या औषधांची एक वही ठेवायला किती खर्च येतो?

आमची मागणी आभाळाला हात लावणारी नाही. २०१९ पासून लाळ्या-खुरकताच्या लसीकरणासाठी जनावरांच्या कानात बारा आकडी पिवळा बिल्ला मारला जातो. 'भारत पशुधन' या प्रणालीत त्या क्रमांकावर लसीची नोंद होते, उपचाराची नोंद करण्याची सोयही तीत आहे. मग डॉक्टरने टोचलेली प्रत्येक सुई त्याच क्रमांकावर चढवावी. बाजार समितीच्या फाटकावर क्रमांक पाहताच कळावे की या म्हशीचे औषध उतरायला अजून अकरा दिवस आहेत. तेवढे दिवस तिला थांबवायचे असेल तर वैरणीचा खर्च सरकारने द्यावा. गोरक्षणाच्या नावाने अंदाजपत्रकात पैसे ठेवले जातातच, त्यांतला एक भाग शेतकऱ्याच्या दारातच खर्च होऊ दे. हे न करता नुसता दंड लावला तर बिल्ला कापून कान मोकळा करायला वेळ लागत नाही.

दुसरी गोष्ट आमच्या जिव्हाळ्याची. बेळगाव जिल्ह्यातल्या मराठी शेतकऱ्याला पशुवैद्यकीय दवाखान्यातला कागद कन्नडमध्ये मिळतो आणि बाटलीवरचा मजकूर इंग्रजीत असतो. भाषिक अल्पसंख्याक जेथे पंधरा टक्के वा अधिक आहेत तेथे सूचना व नियम त्यांच्या भाषेत द्यावेत, हे संरक्षण केंद्राने व राज्यांनी मान्य केलेले आहे. पाट्यांसाठी, उताऱ्यांसाठी आपण ते मागतोच. औषधाच्या चिठ्ठीसाठीही मागू या. कन्नड शेजाऱ्याला कन्नडमध्ये मिळावे, आम्हाला मराठीत. या मागणीत त्याचे आमचे भांडण नाही, त्याच्याही गोठ्यात हीच म्हैस आहे. तीनही राज्यांच्या पशुसंवर्धन खात्यांना द्यायच्या निवेदनावर त्याचीही सही घ्यावी, असे आम्ही कार्यकर्त्यांना सुचवतो.

निवेदन जाईल, उत्तर येईल तेव्हा येईल. तोवर ज्यांच्या घरी एखादे दुभते जनावर आहे त्यांनी गोठ्याच्या भिंतीवर एक कॅलेंडर टांगावे आणि सुई टोचल्याच्या तारखेवर औषधाचे नाव लिहावे. बाटली फेकू नये. तिच्यावर बारीक इंग्रजी अक्षरांत 'विथड्रॉअल पिरियड' असे छापलेले असते, ते शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्यावे. काहीच छापलेले नसेल तर शेवटच्या सुईपासून दुधाला सात दिवस आणि विक्रीला अठ्ठावीस दिवस मोजावेत. हेडी आला तर त्याला कॅलेंडर दाखवावे, आणि सकाळी रतीब घालणाऱ्या गवळ्याला विचारावे की त्याच्याकडे असे कॅलेंडर आहे का.